राणीच्या चित्राची मागची बाजू

परीक्षा जवळ आल्या की आमच्या कॉलेजात एक माणूस पंख्यांना तेल घालायला येतो. शिडी लावतो, पाती पुसतो, वर्षभराची धूळ बाकांवर पाडतो आणि ती झाडायला कुणी येणार का, असं आम्हालाच विचारून निघून जातो. मग महिनाभर पंखे कुरकुरत नाहीत. वर्गात फक्त पानं उलटल्याचा आवाज येतो आणि मी पर्यवेक्षक म्हणून बाकांमधून येरझाऱ्या घालते. काही वाचायचं नाही, फोन बघायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. पोरं कॉपी करणार नाहीत याची काळजी सरकारने माझ्यावर सोपवलेली असते, पण माझं मन कुठे जातंय यावर लक्ष ठेवायला कुणी नसतं. ते सरळ सुरतेला जातं. गेली काही वर्षं मार्चमध्ये ते दुसरीकडे कुठे गेलेलंच नाही.

मी नाशिकला मराठी शिकवते. अभ्यासाचा विषय म्हणून मी जे निवडलं त्याला घरात आणि स्टाफरूममध्ये सगळेच हसले. जुन्या संस्कृत नाटकांच्या मराठी सचित्र आवृत्त्या. लोक नाटक बघतात, फार तर वाचतात, ही बाई त्यातली चित्रं बघते, असं माझे एक सहकारी चहाच्या कपावरून सांगत. मला त्याचं काही वाटत नसे. भाषांतर करणाऱ्याचं नाव त्या पुस्तकांवर ठळक असतं, छापणाऱ्याचं असतं, ज्या धनिकाने आश्रय दिला त्याचं तर सगळ्यात मोठं असतं. चित्रं काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. कुणीतरी दिवसभर मान मोडून त्या राण्या, ते विदूषक, त्या वेलबुट्ट्या काढल्या आणि तो माणूस पुसला गेला. मला त्याचं नाव हवं होतं. एवढंच. त्यापलीकडे माझ्या संशोधनाला काही अर्थ होता असं मला आता वाटत नाही.

एका आवृत्तीने मला विशेष झपाटलं होतं. नाटकाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते घेतलं की तुम्ही कथेच्या मागे जाल आणि चित्रं राहतील बाजूला. तिची धड प्रत मला कुठल्या ग्रंथालयात मिळाली नव्हती. कुठे नुसता मजकूर, कुठे नुसती सूची, कुठे वाळवीने केलेली जाळी. एकदा मात्र विदूषकाच्या चित्राचा एक फाटका कोपरा हाती आला, आणि त्याच्या मागच्या बाजूला शिशाच्या खिळ्यांनी छापलेलं ‘चित्रकार’ एवढंच दिसलं. पुढचं फाटलेलं. तेव्हापासून मला खात्रीच झाली की दुसऱ्या कुठल्या तरी चित्रामागे ते नाव पुरं असणार. ही गोष्ट मी वर्गात सांगितली, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, मॅडम, सुरतेला आमच्या पांडेसऱ्यात मराठी वाचनालय आहे, तिथे तसलं पुस्तक आहे. तिचे आईवडील खानदेशातले, वडील डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या गिरणीत. मी त्याच आठवड्यात सुरतेचं तिकीट काढलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं.

मार्चातली सुरत अंगावर येते. उन्हाचं मी समजू शकते, नाशिकलाही ऊन असतं. पण पांडेसऱ्यात उतरलं की ऊन, वाफ, ओल्या कापडाचा आणि रंगाच्या रसायनाचा वास हे सगळं एकच होऊन तोंडावर बसतं. गिरण्यांच्या मागून वाहणाऱ्या खाडीच्या पाण्याला रोज नवा रंग असतो. रिक्षावाल्याने मान न वळवता सांगितलं की आज मरून रंग चालू आहे, म्हणजे लग्नाच्या साड्यांची ऑर्डर असणार. तोही शिरपूरकडचा निघाला. चहाच्या टपरीवर अहिराणी, शेजारच्या खमणवाल्याशी गुजराती, मुकादमाशी हिंदी, आणि माझ्याशी मात्र पुस्तकातल्यासारखी मराठी बोलण्याचा सगळ्यांचा प्रयत्न. माझ्यासाठी ते जीभ धुवून घेत होते आणि मला संकोच वाटत होता.

वाचनालय म्हणजे मराठी शाळेतली एक खोली. आणि शाळा परीक्षेचं केंद्र. मी पोचले तेव्हा फाटक बंद होतं, बाहेर पोलीस बसला होता, आणि कडुनिंबाखाली पोरांच्या आया चपला काढून मांड्या घालून बसल्या होत्या. पेपर सुटेपर्यंत आत कुणाला सोडत नाहीत. मी आयुष्यभर परीक्षेच्या आतल्या बाजूला उभी राहिलेली बाई, त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर बसले. शेजारच्या बाईने मला वाटाण्याच्या शेंगा देऊ केल्या आणि तुमचा मुलगा की मुलगी, असं विचारलं. मी पुस्तक बघायला आले असं सांगितल्यावर तिने शेंगा जरा जास्तच दिल्या. तिची मुलगी गुजराती माध्यमातून पेपर देत होती. मराठीचे वर्ग आता नावाला उरलेत, ती म्हणाली, आमचीच पोरं नाही म्हणतात तर मास्तर तरी काय करणार.

वाचनालयाची किल्ली पाटीलकाकांकडे असे. त्यांचं साड्यांना फॉल लावून देण्याचं दुकान होतं आणि वाचनालय ते हौसेने सांभाळत. त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं, रुमालाने पुसलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवलं. कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, मजकूर अगदी शाबूत. चित्र एकही नाही. जिथे जिथे चित्र होतं तिथे शिवणीलगत कागदाची एक अरुंद पट्टी तेवढी उरलेली, आणि तिच्या कडेला कुठे निळा, कुठे शेंदरी रंग. कुणीतरी पात्याने अगदी सरळ, काळजीपूर्वक कापलेलं होतं. मला रडूच आलं. काका मात्र प्रसन्न होते. चित्रं ज्याची त्याला दिली, ते म्हणाले.

मग त्यांनी जी रीत सांगितली ती अशी. पूर्वी इथल्या खानदेशी कामगारांचं मंडळ गणपतीत नाटक करायचं. पाळी सुटली की तालीम. वाचता येणारे एक-दोघे, तेच मोठ्याने वाचत आणि बाकीचे ऐकून पाठ करत. पण राणीने उभं कसं राहायचं, राजाने हात कुठे धरायचा, हे वाचून कसं कळणार? म्हणून ज्याला जी भूमिका मिळाली त्याला त्या भूमिकेचं चित्र कापून देत. त्याने ते घरी भिंतीला लावायचं, दाढी करताना बघायचं, जेवताना बघायचं, त्या चित्रासारखं उभं राहायला शिकायचं. नाटक संपलं तरी चित्र परत मागायचं नाही. गावाकडे सोंग घेतलेल्या माणसाला सोंग उतरवून द्यावं लागतं, तसं इथे माणूस गेला की त्याचं चित्र त्याच्याबरोबर तिरडीवर ठेवायचं. सोंग ज्याच्याकडून आणलं त्याला परत करायचं. नाही केलं तर माणूस सुटत नाही, सोंगात अडकून राहतो. काकांनी हे इतक्या सहज सांगितलं, जणू वाचनालयाचा नियमच वाचून दाखवत होते.

पुढचे दिवस मी घरं हिंडले. राजाच्या घरी, सेनापतीच्या घरी, दोन्ही सख्यांच्या घरी. म्हणजे त्यांच्या मुलांच्या, सुनांच्या घरी. कुणी मला शेवभाजी आणि भाकरी खाऊ घातली, कुणी साडीचं कापड आहेर केलं, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. चित्र होतं ना, किती वर्षं होतं, मग आबांसोबत गेलं. दादांसोबत गेलं. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं समाधान असे. सेनापतीचा एक मुलगा हजीऱ्याच्या बाजूला कंपनीत कामाला होता, तिथवर गेले, त्यानेही तेच सांगितलं. माझ्या टिपणवहीत मी ‘सध्या कुठे’ या रकान्यात ‘स्मशान’ असं लिहिलं, आणि मग मला त्याचं हसू येईना. आख्ख्या प्रतीची चित्रं या लोकांनी प्रेमाने जाळली होती. त्यांच्यावर रागावायची सोय नव्हती. मी लॉजच्या खोलीत पंख्याखाली पडून राहायचे आणि वाटायचं, आपण ज्या कामाला आलो ते काम जगातून आधीच उठून गेलं आहे.

राणी मात्र जिवंत होती. शेजारच्या बमरोलीला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत.

राणीचं काम केलेले सुकलाल आप्पा तेव्हा खाटेवरच असत. उभं आयुष्य रंगाच्या हौदांवर गेलेलं, छाती पार गेलेली, दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायला थांबत. घरात मुलगा जगदीश, सून मंगला आणि त्यांच्या दोन मुली. जगदीश डिजिटल प्रिंटिंगमध्ये ऑपरेटर होता, म्हणजे कॉम्प्युटरवरचं डिझाइन मशीनवर चढवून थानाच्या थान कापडावर उतरवायचा. मंगला घरी बसून साड्यांवर स्टोन चिकटवायची. मुली आपसांत गुजराती बोलत, आईशी हिंदी, आणि आजोबांशी फारसं काही नाही. आप्पांची अहिराणी आता फक्त मंगलाला पुरती कळायची. ती स्टोन लावता लावता त्यांचं बोलणं माझ्यासाठी मराठीत आणायची.

खाटेसमोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत राणी होती. खांबाला किंचित टेकलेली, एक हात छातीशी, दुसरा पुढे, तळवा वर केलेला. ती मागतेय की देतेय ते चित्रावरून कळत नाही. रंग उडालेले, एका कोपऱ्यात बुरशी, आणि दमट हवेने कागद काचेला जागोजागी चिकटलेला. मी इतकी वर्षं त्या चित्रकाराच्या हातचं चित्र शोधत होते आणि ते एका माणसाच्या औषधाच्या बाटल्यांवर लटकत होतं. आप्पांनी मला जवळ बोलावलं. उशीला टेकून त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर. मनगट थेट चित्रातल्यासारखं वळलं. त्या मनगटात हौदावरचा कामगार नव्हता, आजारी म्हातारा नव्हता. मुली मोबाइलमधून मान वर करून बघू लागल्या. त्यांनी हे आधी कधी बघितलंच नव्हतं, असं मंगला म्हणाली.

मी रोज जाऊ लागले. ते मला त्या नाटकाबद्दल सांगत. गोष्ट तर मला पाठच होती, ते सांगत ते त्यांचं नाटक. नऊवारी पातळ कुठून आणलं, मिशी काढायची म्हणून बायको आठवडाभर कशी बोलली नाही, राणीचा शोक चालू असताना लाइट गेले तेव्हा कुणीतरी पेट्रोमॅक्स धरला आणि प्रेक्षकांतल्या बाया त्या उजेडात कशा रडल्या. दुसऱ्या दिवशी हौदावर सगळे त्यांना राणीसाहेब म्हणत. मुकादमसुद्धा. आयुष्यात मला कुणी साहेब म्हटलं ते तेवढंच, असं ते एकदा म्हणाले आणि खोकल्याने त्यांचं हसू मोडलं. मी हे सगळं टिपून घेत होते. पण खरं सांगायचं तर माझा डोळा सारखा चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर होता.

एक दिवस मी विचारलं. फक्त चौकट उघडून मागची बाजू बघू का, नाव असलं तर उतरवून घेते, लगेच पुन्हा बंद करून देते. आप्पांनी नाही म्हणून मान हलवली. कागद काचेला धरलाय, त्यांनी सांगितलं, उघडलं तर राणीचा चेहरा काचेवर राहील आणि बाकीची हातात येईल. त्यांनी पुढचं मंगलाला सांगितलं नाही, मलाच सांगितलं.

“मी गऊ का मंग उघाडा. दखी ल्या काय दखनं ते. पन मंग तिले मनासंगे द्या.”

मी गेलो की मग उघडा, काय बघायचं ते बघा, पण मग तिला माझ्यासोबत द्या. मी हो म्हटलं. मंगलाही हो म्हणाली. जगदीश कामावर होता, त्याला रात्री जेवताना सांगितलं असणार. एका माणसाची एवढी एकच इच्छा होती आणि ती आम्हा सगळ्यांना नीट कळलेली होती. हे मी पुन्हा पुन्हा लिहिते, कारण पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालं असं कुणाला वाटू नये.

निघताना मी फोनवर चित्राचा फोटो काढला. काचेवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आला, राणीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत. दोन-तीनदा जागा बदलून बघितली, पट्टा हटेना. जगदीशने फोटो मागितला म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला आणि नाशिकला परत आले.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते सांगायला मला आवडत नाही. अधूनमधून मंगलाला फोन करायचे. आप्पा बरा शे, ती म्हणायची, आणि मला बरं वाटायचं. फोन ठेवल्यावर मात्र मनात एक बारीकशी निराशा उमटायची, आणि ती कसली आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. मला त्या कागदाची मागची बाजू हवी होती आणि तिच्यापुढे एक माणूस श्वास घेत पडला होता. विद्येने माणूस मोठा होतो असं आपण पोरांना शिकवतो. या बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे.

आज तिसऱ्या रांगेतला एक मुलगा अर्ध्या तासातच पेन खाली ठेवून बसला. कोरी उत्तरपत्रिका समोर. मी जवळ गेले तर म्हणाला, मॅडम, येतच नाही काही. मी त्याला नेहमीचं सांगितलं, जेवढं येतं तेवढं लिही. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला त्याच्या शेजारी बसावंसं वाटलं, पण तसं करता येत नाही.

आप्पा गेले तेही मार्चातच. पेपर सुटल्यावर मी फोन चालू केला तर मंगलाचे बरेच कॉल येऊन गेलेले. सकाळी नेणार आहेत, या, तुमचं बघायचं राहिलंय, असा निरोप. मिळेल त्या गाडीने मी निघाले आणि उजाडल्यावर बमरोलीला पोचले.

तिरडी खाली पार्किंगमध्ये बांधत होते. आप्पांना खाली आणलेलं होतं आणि त्यांच्यावर राणी पांघरलेली होती. पायापासून छातीपर्यंत, आख्ख्या अंगावर, लखलखीत रंगांची. बुरशी नाही, उडालेले रंग नाहीत, शेंदरी अगदी शेंदरी आणि निळा अगदी निळा. फक्त राणीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक पांढरा पट्टा. तो माझ्या फोनमधला ट्यूबलाइटचा पट्टा होता. जगदीश माझ्याजवळ आला, डोळे सुजलेले. मी पाठवलेला फोटो त्याने सकाळच्या आत मशीनवर घेतला होता. मालकाने कापडाचे पैसे घेतले नाहीत, असं त्याने सांगितलं. रंग सगळे सुधारून घेतले, पण तो पट्टा काढायला जमलं नाही, घाई झाली, असं म्हणून तो रडायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, कापडाच्या आत, छातीशी कुठेतरी, मूळ चित्र ठेवलेलं असेल. विचारायची ती वेळ नव्हती. लोकांनी तिरडी उचलली.

बाया मागे राहिल्या. तिसऱ्या मजल्यावर आम्ही परतलो तेव्हा भिंतीवर चौकटीच्या जागी फिकट चौकोन होता. मी मंगलाला विचारलं, राणी दिली ना आप्पांना. ती आत गेली आणि साडीच्या बॉक्समधून गुंडाळलेली चौकट घेऊन आली. काच, पुठ्ठा, सगळं तसंच.

“आप्पाले कापडवर दिधी ना ताई, नवीजी, मोठी. हाई जुनी तुमनासाठे ठेयेल शे. तुमनं काम आडी राह्यनं व्हतं.”

नवी, मोठी राणी कापडावर आप्पांना दिली आणि ही जुनी माझ्या अडलेल्या कामासाठी ठेवली, हे तिने अगदी मायेने सांगितलं. त्यांच्या धंद्यात अस्सल डिझाइन ऑफिसात राहतं आणि बाहेर जातो तो छापलेला माल. उत्तम रंगात, मोठ्या मापात छापून दिलं म्हणजे कमी दिलं असं इथे कुणालाच वाटत नाही. आप्पांना त्यांनी आपल्याकडचं सगळ्यात चांगलं काम दिलं होतं. आणि माझी अडचण तिच्या लक्षात होती. वर्षभर मी फोनवर आप्पांची चौकशी करत होते, ती कशाची चौकशी आहे हे तिला बरोबर कळलं होतं.

मी म्हटलं, मंगला, जगदीशला फोन लाव, थांबव त्यांना. तिने लावला. फोन घरातच, फ्रिजवर वाजला. चार्जिंगला लावून तो तसाच गेला होता. शेजारचा एक माणूस स्कूटर घेऊन जायला तयार झाला, चौकट त्याच्याकडे दिली, पिशवीत घालून, जपून ने म्हणून सांगितलं. मग आम्ही बसून राहिलो. मंगलाच्या सासरकडच्या बायकांनी गळा काढला होता. मी खिडकीशी उभी होते. खाली दूधवाला आला, पाण्याचे जार आले. कुणाच्या तरी घरी रेडिओवर गुजराती भजन चालू होतं.

स्कूटरवाला परत आला तेव्हा पिशवी त्याच्या हातात होती. गॅसच्या भट्टीत घालून झालं होतं, तो म्हणाला, दार बंद झालेलं. त्याच्यामागोमाग थोड्या वेळाने माणसं आली, आणि जगदीशच्या काखेत ते कापड होतं. स्मशानातल्या माणसाने काढायला लावलं. पॉलिस्टर आत चालत नाही, वितळून चिकटतं. नुसत्या पांढऱ्या सुती कापडात आप्पांना आत घातलं. जगदीशने कापड पाण्यातून काढलं आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलं, कारण दुसरं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. राणी वाऱ्याने हलत होती, तोंडावरच्या पांढऱ्या पट्ट्यासकट. कापड परत आलं आणि कागदही परत आला. आप्पा तेवढे गेले होते, हात रिकामे घेऊन.

मंगलाने चौकट पुन्हा माझ्या मांडीवर ठेवली. आता कुणाला द्यायची, तुम्हीच न्या, असं म्हणाली. मी नेणार नाही म्हटलं. ती म्हणाली, घरात ठेवली तर पोरी घाबरतील. आजोबा सुटले नाहीत हे त्या ऐकून बसल्यात. मग मी नेली.

नाशिकला कागदपत्रं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी पुठ्ठा काढला, काच ओली करून, सुरीच्या पात्याने तासन्‌तास कागद सोडवला. चेहरा वाचला. आप्पांची भीती खोटी ठरली, म्हणजे त्या वर्षी मी हट्ट धरला असता तरी चाललं असतं. मग त्यांनी चित्र पालथं केलं आणि दिवा जवळ ओढला. मागची बाजू कोरी होती. खळीचे पिवळे डाग, चौकटीच्या खिळ्याचा गंज, बाकी काही नाही. अक्षर नाही, खूण नाही. त्यांनी भिंगातून पाहिलं, मीही पाहिलं. विदूषकाच्या मागे होतं म्हणून राणीच्या मागे असेल, हे माझं मीच ठरवलेलं होतं.

ते चित्र माझ्या कपाटात आहे. मी त्यावर लेख लिहिलेला नाही, लिहिणारही नाही. कधीतरी वाटतं की एखाद्या दिवशी तापीवर जाऊन सोडून यावं. पण आप्पांना नदी नको होती, त्यांना बरोबर न्यायचं होतं, आणि ती वेळ निघून गेली. चित्रकाराचं नाव गेलं ते गेलंच. पण ते नाव मिळावं म्हणून ज्याच्या हातून त्याची राणी सुटली, त्याचं नाव तरी मला ठाऊक आहे, आणि त्याचा मला काहीच उपयोग नाही. मी फार हताश आहे. हे लिहून ते कमी होईल असंही वाटत नाही.

काल दुपारचा पेपर सुरू व्हायच्या आधी मंगलाचा फोन आला. मुलींची परीक्षा, जगदीशची नवी मशीन, पाण्याचे हाल असं सगळं बोलून झालं. मग तिने मुद्द्याचं काढलं. इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

“ताई, मागला बाजूले नाव सापडनं व्हतं ना?”

मी व्हरांड्यात उभी होते. पोरं आत जायला लागली होती.

“सापडलं,” मी म्हटलं.

पलीकडून तिने मोठा श्वास सोडला. “मंग आप्पा फुकट नई अटकना.”

नाही गं, आप्पा फुकट नाही अडकले, असं मी तिला म्हटलं, आणि घंटा झाली म्हणून फोन बंद केला.